थडग्यातली वंशावळ

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये, कॉट्सवोल्डच्या डोंगराळ भागात, हेझल्टन नॉर्थ नावाचं नवाश्मयुगीन थडगं होतं. इ.स.पू. ३७००च्या सुमारास ते बांधलं गेलं. दगड रचून केलेला लांबोडका ढिगारा आणि त्याच्या पोटात उत्तरेला एक, दक्षिणेला एक अशी दोन दालनं. बांधणारे शेतकरी होते. त्यांचे पूर्वज आजच्या तुर्कस्तानातून पिढ्यान् पिढ्या सरकत, बी-बियाणं आणि गुरं घेऊन, इ.स.पू. ४०००च्या आसपास ब्रिटनमध्ये पोचले होते.

नांगरटीनं ढिगारा झिजत चालला, म्हणून अ‍ॅलन सॅव्हिल यांनी १९७९ ते १९८२ या काळात तो पूर्ण खणला. आतली बहुतेक हाडं एकमेकांत मिसळलेली होती. कोण कुणाचं, हे नुसतं बघून सांगणं अशक्य. दात आणि कानाच्या आतल्या भागाभोवतीचं टणक हाड यांत डीएनए चांगला टिकतो. त्यातून ३५ जणांची ओळख पटवून २०२१मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. त्यातले २७ जण एकाच घराण्याचे, पाच पिढ्यांचे निघाले!

या घराण्याचा मूळपुरुष एक, पण त्याला मुलं झाली चार स्त्रियांपासून. त्या एकाच वेळी त्याच्या घरात होत्या की एकीमागून एक आल्या, हे डीएनए सांगत नाही. मात्र दोघींची संतती दक्षिण दालनात, उरलेल्या दोघींची उत्तरेकडे. पुढे उत्तरेची वाट ढासळली, तेव्हा तिकडच्या काहींना दक्षिणेत जागा मिळाली. वंश बापाकडून मोजायचा, पण कुठल्या दालनात जायचं ते ठरणार मूळ आईवरून. ‘आदिम पितृसत्ता’ असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सावत्र मुलगेही इथे आहेत. आई घराण्यात आलेली, जन्मदाता बाहेरचा, तरी पोराला घरच्यांच्याच शेजारी जागा. रक्ताचं नातं नसलं तरी चालत होतं तर.

मुलींचं मात्र वेगळं. लहानपणी वारलेल्या दोन लेकी सापडल्या, पण वयात आलेली घराण्यातली एकही लेक नाही. बहुधा त्या लग्न होऊन दुसरीकडे गेल्या आणि तिथल्याच थडग्यांत विसावल्या. उलट, इथे कुणाशीच रक्ताचं नातं नसलेल्या तीन स्त्रिया आहेत. त्या या घरच्या सुना असाव्यात, आणि त्यांना एक तर मूलबाळ नसावं, नाहीतर झालेल्या मुली सासरी गेल्या असाव्यात.