क्रेन रिकामी का थांबते?

रॉटरडॅम बंदरातल्या डेल्टा कंटेनर टर्मिनलवर 1993 पासून चालकाविना गाड्या कंटेनर वाहतात. गाडी चालकाशिवाय चालवणं जमलं, पण एका यंत्राने दुसऱ्याच्या हाती कंटेनर सोपवताना होणारा खोळंबा कसा टाळायचा, याच प्रश्नाभोवती अशा टर्मिनलचा सगळा आराखडा फिरतो.

समजा, धक्क्यावरची क्रेन तासाला 30 कंटेनर उतरवते. म्हणजे दर 2 मिनिटांनी तिच्याखाली रिकामी गाडी हवी. गाडीची एक फेरी 12 मिनिटांची धरली तर कागदावर 6 गाड्या पुरतात. प्रत्यक्षात पुरत नाहीत, कारण 12 ही नुसती सरासरी. एखादी फेरी 8 मिनिटांत आटोपते, एखादीला 18 लागतात. लवकर आलेली गाडी रांगेत उभी राहते; उशीर झाला की मात्र क्रेनचा गेलेला वेळ भरून निघत नाही. मग गाड्या वाढवाव्यात, तर चौकात कोंडी होते. चार गाड्या गोलाकार एकमेकींची वाट अडवून बसल्या की एकही हलू शकत नाही. म्हणून पलीकडची जागा मोकळी असल्याशिवाय गाडीला चौकात शिरूच द्यायचं नाही, हा नियम प्रणालीत घालावा लागतो.

यार्डात, म्हणजे कंटेनर रचून ठेवायच्या आवारात, वेगळंच दुखणं. पाच कंटेनरच्या थप्पीतला कोणताही एक मागितला, तर त्याच्यावरचे सरासरी दोन आधी हलवावे लागतात. थप्पी उंच केली की जागा वाचते, पण ही उचलाठेव वाढते. यार्डातल्या क्रेनला काम नसताना, बहुधा रात्री, लवकर जाणारे कंटेनर वर आणून ठेवणं हा त्यावरचा चांगला उपाय.

हे सगळं आधी संगणकावर चालवून पाहतात. प्रतिकृतीतलं घड्याळ सेकंदासेकंदाने न सरकता एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी घेतं: गाडी पोहोचली, कंटेनर उचलला, क्रेन बिघडली. वेळा दरवेळी बदलून हीच कामाची पाळी शेकडो वेळा चालवायची. बिघाड आणि उशीर वगळून फक्त सरासरी आकडे भरले, तर कागदावरचं टर्मिनल सुरेख चालतं आणि खरं अडतं. पुढे खरी नियंत्रण प्रणाली या आभासी यार्डाला जोडून तपासायची, म्हणजे तिच्यातल्या चुका लोखंडावर आदळत नाहीत.

हॅम्बुर्गच्या आल्टेनवेर्डर टर्मिनलवर 2002 पासून धक्क्यावरच्या क्रेनला दोन ट्रॉल्या, म्हणजे कंटेनर उचलून क्रेनवर पुढेमागे सरकणारे गाडे, आहेत. पहिली जहाजातला कंटेनर काढून क्रेनवरच्याच मचाणावर ठेवते. तिथे कामगार त्याच्या कोपऱ्यांचे ट्विस्टलॉक, म्हणजे कंटेनर एकमेकांना जखडणारे खटके, हाताने काढतात. दुसरी ट्रॉली तो आपोआप गाडीवर उतरवते. गाडीला थोडा उशीर झाला तरी पहिली ट्रॉली अडत नाही. रॉटरडॅम बंदराच्या मासव्लाक्ते-2 या भागात 2015 मध्ये सुरू झालेल्या एपीएम टर्मिनलमध्ये यार्डाच्या टोकाला हीच युक्ती आहे: गाडी स्वतःच कंटेनर उचलून घडवंचीवर ठेवते आणि यार्डातल्या क्रेनची वाट न पाहता परत फिरते.