दुखतो गुडघा, बिघडलेला खुबा

दहा-बारा वर्षांचा मुलगा लंगडायला लागतो. गुडघा दुखतो म्हणतो. एक्स-रे काढला तर गुडघा ठणठणीत. तेल चोळून होतं, क्रेप बँडेज बांधून होतं, आणि बिघाड निघतो वर खुब्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! हाडांच्या डॉक्टरांकडून शिकतानाच घोकून घेतलेलं असतं की मूल गुडघा दुखतो म्हणालं तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने उतरणारी ऑब्च्युरेटर नावाची नस खुब्याच्या सांध्यालाही फांदी देते आणि गुडघ्याच्याही. तक्रार मेंदूपर्यंत पोचते, पण ती कोणत्या फांदीवरून आली यात त्याची गल्लत होते.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या बोलण्यात रक्त नेते तीही शीर, आखडते तीही शीर (आखडलेला बहुधा स्नायू असतो) आणि दबते ती नस. या लेखात नस म्हणजे फक्त चेतातंतूंची जुडी.

या जुड्या निघतात मेरुरज्जूपासून. हा रज्जू कण्याच्या शेवटापर्यंत पोचतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. गर्भात तिसऱ्या महिन्यापर्यंत रज्जू आणि कणा बरोबरीने लांब असतात. पुढे कणा भराभर वाढतो आणि रज्जू मागे पडतो. नसांची बाहेर पडायची दारं मात्र ठरलेली, त्यामुळे पायाकडे जाणारी मुळं आपापलं दार गाठेपर्यंत कण्याच्या पोकळीतच खाली लोंबत जातात. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना त्यात घोड्याचं शेपूट दिसलं आणि लॅटिनमध्ये नाव पडलं कॉडा इक्विना.

कंबरेत सुई टोचून खालचं अंग बधिर करता येतं ते या शेपटामुळेच. तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मध्ये सुई घातली तर तिथे रज्जूच नसतो. द्रवात तरंगणारी सुटी मुळं बाजूला सरतात. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जनने १८९८ साली हे पहिल्यांदा शस्त्रक्रियेसाठी वापरलं, आणि मग स्वतःवर करून बघायचं ठरवलं. त्याची पाळी फसली, कारण पिचकारी सुईवर नीट बसेना आणि पाठीतला द्रव गळून गेला. मग हिल्डेब्रांट हा त्याचा सहायक टेबलावर आडवा झाला. त्याच्या पाठीत ५ मिलिग्रॅम कोकेन (तेव्हाचं बधिर करायचं औषध) टोचल्यावर बिअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, त्वचेवर जळता सिगार टेकवला. हिल्डेब्रांटला काही दुखलं नाही. नंतर दोघांनी वाईन पिऊन आनंद साजरा केला आणि मग अनेक दिवस डोकेदुखीने लोळत काढले. ती डोकेदुखी द्रव गळल्याने होते हे आज भूल देणारा प्रत्येक डॉक्टर जाणतो, म्हणून सुया आता फार बारीक असतात.

कण्यातून बाहेर पडलेली मुळं ओटीपोटाच्या मागच्या भिंतीवर एकमेकांत मिसळतात आणि नव्या जुड्या बांधतात. मांडीच्या पुढच्या बाजूला फीमोरल नस जाते. गुडघ्याखाली छोटा हातोडा मारल्यावर पाय उडतो तो तिच्यामुळे. मागच्या बाजूची सायटिक नस शरीरातली सर्वांत जाड, मुळाशी जवळजवळ २ सेंटीमीटर रुंद. ती कुल्ल्यातून खाली जाते, म्हणूनच तिथे इंजेक्शन द्यायचं तर वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात.

सायटिका हे नाव तिच्यावरून पडलं. आयुर्वेद त्याला गृध्रसी म्हणतो, गिधाडासारखी चाल होते म्हणून. पण बहुतेक रुग्णांत नस कुल्ल्यात किंवा मांडीत दबलेली नसते. मणक्यांमधली चकती सरकून कंबरेत एखादं मूळ दाबते आणि कळ जाते पायात. कोणतं मूळ, हेही पायच सांगतो. अंगठा आणि पावलाची वरची बाजू बधिर, टाचांवर चालता येत नाही, तर संशय एमआरआयच्या कागदावर एल ५ लिहिलेल्या मुळाचा. करंगळी आणि पावलाची बाहेरची कड बधिर, चवड्यांवर उभं राहता येत नाही, तर एस १. डॉक्टर ‘टाचांवर चालून दाखवा’ म्हणतात ते याचसाठी. कंबरदुखीबरोबर खोगीर टेकतं त्या जागी, म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तेव्हा अख्खं शेपूटच दबलेलं असू शकतं.

गुडघ्याच्या मागे सायटिक नसेच्या दोन वाटा होतात (कधी त्याआधीच). त्यातली एक गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला (डोक्याखालच्या निमुळत्या भागाला) वळसा घालून पुढे येते. तिथे हाताला लागतो तो हाडाचा उंचवटा, आणि त्याच्या किंचित मागे-खाली बोट आडवं फिरवलं की दोरीसारखं काही सरकतं. ही नस तिथे त्वचा आणि हाड यांच्यामध्ये अगदी उघड्यावर आहे. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी केली, पायावर पाय टाकून बसण्याची सवय असली, प्लास्टर घट्ट झालं, की ती दबते आणि पाऊल वर उचलेनासं होतं. कुष्ठरोगाचे जंतूही शरीरातल्या थंड, वरवरच्या जागा पसंत करतात, म्हणून त्या आजारात ही नस जाड झाली आहे का ते चाचपून बघतात.

या सगळ्यात मला थक्क करते ती लांबी. पायाच्या अंगठ्याला जाणारा एकेक तंतू म्हणजे एकाच पेशीची शेपटी आहे, आणि ती मीटरभर लांब! पेशीचं मुख्य घर कंबरेच्या आसपास, तिथे बनलेला माल थेट अंगठ्यापर्यंत वाहून न्यायचा. सर्वांत वेगवान मालसुद्धा दिवसाला ४० सेंटीमीटरच्या आसपास सरकतो, म्हणजे पोचायला दोन-तीन दिवस. मधुमेहात हा कारभार बिघडतो तेव्हा सर्वांत लांबचं गिऱ्हाईक आधी उपाशी राहतं. त्यामुळे बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसा वर सरकतो, आणि हाताच्या बोटांची पाळी बऱ्याच उशिरा येते. तपासायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा असतो. डोळे मिटायला सांगून तो तळव्यावर जागोजागी टेकवतात. धागा नसला तरी अनुभवी डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात: ‘चालताना चप्पल पायातून निसटली, तर कळतं का?’