टॅक तास आणि हॉब्ज तास: क्लबच्या विमानाचा हिशेब कुठल्या आकड्यावर?

फ्लाइंग क्लबच्या लहान विमानात तासांचे बहुधा दोन आकडे असतात. एक टॅकोमीटरच्या, म्हणजे टॅकच्या तबकडीत, आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) काट्याजवळ. दुसरा हॉब्ज मीटरच्या छोट्या खिडकीत. उड्डाण एकच, पण दोन्ही आकडे सारखे पुढे सरकत नाहीत. खजिनदार दर काढतो एका आकड्यावर, बिलं होतात दुसऱ्यावर, आणि वर्षअखेरीला पैसे का जुळत नाहीत यावर सभा रंगते.

हॉब्ज हे सरळ घड्याळ आहे. वीज मिळाली की चालतं, तुटली की थांबतं. ही वीज बहुतेक विमानांत इंजिन ऑइलच्या दाबावर लागणाऱ्या स्विचमधून येते, काहींत विमानाची सगळी वीज चालू-बंद करणाऱ्या मास्टर स्विचवरून, तर काहींत हवेत ठरावीक वेग आल्यावर लागणाऱ्या स्विचमधून. तीन जोडण्यांचे तीन वेगळे तास मिळतात, त्यामुळे आपल्या विमानातली जोडणी कुठली हे मेकॅनिकला विचारून क्लबच्या नियमावलीत लिहून ठेवावं.

यांत्रिक टॅक मुळात वेळ मोजतच नाही. इंजिनापासून आलेली केबल त्याचा काटा आणि गणक दोन्ही फिरवते, म्हणजे तो फेरे मोजतो आणि तासांच्या रूपात दाखवतो. त्याचा तास खऱ्या तासाएवढा असतो तो फक्त एका ठरावीक आरपीएमला, साधारण क्रूझच्या, म्हणजे एका उंचीवरच्या सरळ उड्डाणाच्या आसपास. तो २,४०० धरला, तर १,२०० आरपीएमवर अर्धा तास इंजिन चालवलं तरी टॅक पुढे जातो पाव तासच. इलेक्ट्रॉनिक टॅकचं गणित वेगळं असू शकतं: काही ठरावीक आरपीएमच्या वर गेल्यावरच मोजतात, आणि मग पूर्ण वेगाने. ते त्याच्या माहितीपुस्तकात पाहावं.

एक उड्डाण घेऊ. टॅक्सी (जमिनीवरून चालत जाणं) आणि रनअप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) १२ मिनिटं, सरासरी १,००० आरपीएम. चढाई आणि क्रूझ ५४ मिनिटं, २,४००. उतरणं आणि सर्किट (धावपट्टीभोवतीचा फेरा) १२ मिनिटं, १,८००. परतीची टॅक्सी ६ मिनिटं, १,०००. ऑइलच्या दाबावरचा हॉब्ज ८४ मिनिटं मोजेल, म्हणजे १.४ तास. टॅकवर ५ + ५४ + ९ + २.५ अशी ७०.५ मिनिटं पडतील, साधारण १.१८ तास. फरक सोळा टक्क्यांचा. लांबच्या क्रूझमध्ये तो कमी होतो. टॅक्सी आणि थांबे जास्त असलेल्या प्रशिक्षणात वाढतो.

आता याच उड्डाणात चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ ६६ मिनिटं, १.१ तास. अमेरिकी नियमांत देखभालीच्या नोंदीसाठी हाच वेळ धरतात, आणि त्याच्या जवळ टॅक आहे, तोही किंचित वरच्या बाजूने. पायलटच्या लॉगबुकात मात्र विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलल्यापासून उतरून थांबेपर्यंतचा वेळ जातो. त्याच्या जवळ हॉब्ज आहे. म्हणून पायलटचे तास हॉब्जवरून आणि विमानाचे तास टॅकवरून, ही विभागणी बरोबर आहे. घोळ होतो तो आकडे इकडचे तिकडे गेल्यावर.

देखभाल हॉब्जवर मोजणं बेकायदा नाही, महाग आहे. वरच्या गुणोत्तराने १०० तासांची तपासणी ८४ टॅक तासांतच येऊन बसते. लायकमिंगच्या ओ-३२० किंवा ओ-३६० सारख्या इंजिनांना ओव्हरहॉलसाठी (पूर्ण खोलून दुरुस्तीसाठी) साधारण २,००० तास किंवा १२ वर्षं सुचवलेली असतात. तेवढ्या आयुष्यात वीसऐवजी जवळपास चोवीस तपासण्यांचं बिल भरावं लागेल. फिल्टर असेल तर ऑइल ५० तासांनी बदलायचं, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी, आणि विमान कमी उडत असेल तरी चार महिन्यांनी. मॅग्नेटोची (स्पार्क प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या भागाची) आतून तपासणी ५०० तासांनी. हे सगळे पुढचे आकडे टॅकमध्येच लिहावेत: ऑइल २,४१३.६ ला बदललं असेल, तर फळ्यावर '२,४६३.६' एवढंच.

पैशांचा भाग जास्त फसवा आहे. हँगर, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च विमान उडो न उडो होतोच, तो मासिक वर्गणीत घालावा. इंधन, ऑइल, तासांवर येणाऱ्या तपासण्या आणि इंजिन-निधी (ओव्हरहॉलसाठी साठवायचे पैसे) हे तासाच्या दरात. समजा, वर्षाला ३०० टॅक तास होतात आणि त्याच काळात हॉब्ज ३६०. चालू खर्च ३०० ने भागून दर काढला आणि बिल हॉब्जवर केलं, तर सभासदांकडून २० टक्के जास्त वसूल होतात. उलट केलं, तर सहावा हिस्सा बुडतो. ही तूट पहिल्या वर्षी कळत नाही, कारण इंधन आणि ऑइलची बिलं भागतात. खालून रिकामा होत जातो तो इंजिन-निधी.

त्या निधीत आणखी एक चूक नेहमीची. ओव्हरहॉलचा अंदाजी खर्च २,००० ने भागून टाकतात. इंजिनावर १,४०० तास आधीच झालेले आणि निधीत काही नसेल, तर भागायचं उरलेल्या ६०० ने. तो दर ऐकून सभासद बिचकतात, पण पर्याय म्हणजे ऐनवेळी प्रत्येकाकडून मोठी रक्कम मागणं. निधीचं खातंही वेगळं हवं, नाहीतर तो विम्याच्या हप्त्यात जातो.

बिलाची पद्धत माणसांना वळणही लावते. हॉब्जवर पैसे मोजणारा रनअप घाईत उरकतो, ऑइल गरम व्हायच्या आत निघतो. टॅकवर मोजणारा आरपीएम कमी ठेवतो. त्यात इंधन वाचतं, पण जमिनीवर जवळपास फुकटात रेंगाळण्याची सवयही लागते, आणि शिसंयुक्त पेट्रोलवर समृद्ध (जास्त इंधनाच्या) मिश्रणात इंजिन संथ चालवत उभं राहिलं की स्पार्क प्लगवर शिसं साचतं. तरी बिल टॅकवरच असावं असं आमचं मत, कारण झीज आणि इंधन दोन्हीशी त्याचं नातं जवळचं आहे. प्लगचा उपाय जमिनीवर मिश्रण लीन करायला, म्हणजे त्यातलं इंधन कमी करायला शिकवणं हा.

दोन्ही आकडे मात्र प्रत्येक उड्डाणाला लिहावेत, इंजिन सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर. आधीच्या सभासदाच्या शेवटच्या आकड्याशी सुरुवातीचा जुळला नाही, तर तिथेच कळवायचं. मागाहून अंदाजाने भरायचं नाही. महिन्याअखेरीला टॅक भागिले हॉब्ज काढावं. नेहमी ०.८३ च्या आसपास असणारं गुणोत्तर अचानक ०.६ वर आलं, तर ऑइलच्या दाबाचा स्विच चिकटून हॉब्ज हँगरमध्येही चालत असेल, किंवा मास्टरवर जोडलेल्या विमानात कोणीतरी मास्टर चालू सोडला असेल. दुसऱ्या बाबतीत बॅटरीही उतरलेली सापडेल. टॅकचा काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा झिजली आहे. ती तुटली की काटा शून्यावर येतो, गणकही थांबतो, आणि तेवढे तास हॉब्ज गुणिले नेहमीचं गुणोत्तर धरून नोंदवावे लागतात.

टॅक बदलला, तर लॉगबुकात तारीख, जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा अशी नोंद करून घ्यावी, आणि जो फरक मिळवायचा तो पॅनेलवर चिकटवावा. नव्याचा ठरावीक आरपीएम जुन्यापेक्षा वेगळा असू शकतो. तसं असेल तर गुणोत्तर बदलतं आणि तासाचा दर पुन्हा काढावा लागतो.