दोनची दोन अक्षरं

‘त्र्यक्षरी’ हा मराठीतला एक सरळमार्गी शब्द आहे. त्र्य, क्ष, री: मोजली तर तीन अक्षरं, आणि अर्थही तीन अक्षरांचा. त्याची भावंडं मात्र एकजात थापाडी. ‘एकाक्षरी’त चार अक्षरं, ‘द्व्यक्षरी’त तीन, ‘चतुरक्षरी’त पाच, आणि ‘पंचाक्षरी’, ‘षडक्षरी’, ‘अष्टाक्षरी’ या सगळ्यांत चार-चारच.

आम्हा चार मित्रमैत्रिणींत असल्या फुकटच्या कीस काढण्याला वर्षानुवर्षं खंड नाही. एकाने लगेच भर घातली की ‘अशुध्द’ हा शब्द असा, ध्‌ला द जोडून, लिहिला तरच खरं बोलतो. शुद्ध लिहिला की खोटा. यात हसण्यासारखं काय आहे असं घरच्यांनी विचारलं, तर सांगता येत नाही. पण हाच कीस 1908 मध्ये कुर्ट ग्रेलिंग आणि लेओनार्ड नेल्सन या दोन जर्मनांनी काढला होता. जे शब्द स्वतःला लागू पडत नाहीत त्या सगळ्यांना त्यांनी एक नाव दिलं. आपण त्यांना ‘थापाडे’ म्हणू. मग त्यांनी विचारलं, ‘थापाडा’ हा शब्द स्वतः थापाडा आहे का? हो म्हणावं तर नाही ठरतं, नाही म्हणावं तर हो. तर्कशास्त्रात हा विरोधाभास त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मला मात्र यातून निघालेला आकड्यांचा खेळ जास्त आवडतो. मनात कोणताही आकडा धरा. त्याचं नाव लिहा आणि अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरा. जो आकडा येईल त्याचं नाव लिहून पुन्हा मोजा. समजा शहाऐंशी धरलात: श-हा-ऐं-शी, चार. चा-र, दोन. दो-न, दोन. आता बसा मोजत, दोनच्या पुढे गाडी जात नाही. मोठा आकडा घेऊ: एक लाख पंचवीस हजार तीनशे अठ्ठेचाळीस. अक्षरं एकोणीस. ए-को-णी-स, चार. चार, दोन.

आठवीतल्या भाचीला हे शिकवलं, तर तिने वर्गात ‘मनातलं ओळखते’ म्हणून प्रयोग लावला. बाईंनी सत्त्याण्णव धरला होता. डोळे मिटून, कपाळाला बोटं लावून तिने ‘दोन’ म्हटलं. कपाळाला बोटं लावायला मी शिकवलं नव्हतं.

असं का होतं? एक ते दहा ही नावं एकदा ओळीने लिहून बघा. दहाच्या दहा दोन अक्षरी आहेत! आयुष्यभर पाढे म्हणूनही माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. अकरा ते शंभरमध्ये सहापेक्षा जास्त अक्षरं कोणालाच नाहीत. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर, एकोणनव्वद ही सर्वांत लांब. म्हणजे पहिल्या पावलाला आपण दोन ते सहाच्या मध्ये येतो आणि दुसऱ्या पावलाला दोनवर. शंभर कोटींच्या आतल्या कुठल्याही आकड्याचं नाव चाळीस अक्षरांच्या आत आटोपतं, त्यामुळे तिथूनही तीन पावलं पुरतात. आकडा दसपट झाला तरी त्याच्या नावात जेमतेम दोन-चार अक्षरांची भर पडते. म्हणून नाव मोजायला घेतलं की मोठे आकडे धाडकन खाली कोसळतात.

खाली कोसळून पुढे काय? प्रत्येक आकडा म्हणजे एक घर समजा आणि त्याच्या नावातली अक्षरं मोजली की मिळणाऱ्या आकड्याकडे एक बाण काढा. गणिताला इतकंच कळतं: घरं मर्यादित आहेत आणि प्रत्येक घरातून एकच बाण बाहेर पडतो. बाणांमागून चालत राहिलात तर कधी ना कधी आधी पाहिलेल्या घरात पाय पडणारच, आणि एकदा पडला की तिथून पुढे जुनीच वाट. म्हणजे शेवट दोनच प्रकारचा. एक तर असं घर, ज्याचा बाण स्वतःकडेच वळतो. त्याला स्थिर बिंदू म्हणतात. नाहीतर घरांचं एक वर्तुळ, ज्यात फिरतच राहायचं.

मराठीला स्थिर बिंदू मिळाला, कोकणीलाही ‘दोन’च मिळाला. हिंदीचं नशीब वेगळं. ‘दो’ म्हणजे एक अक्षर, ‘एक’ म्हणजे दोन अक्षरं. एक, दो, एक, दो, कवायत संपतच नाही. गुजरातीतही ‘बे’ आणि ‘एक’ यांची तीच झिम्मा-फुगडी. रोमन लिपीतली अक्षरं मोजली तर इंग्रजीत सगळे आकडे फोरवर (four) येऊन थांबतात, कारण त्यात चार अक्षरं. फ्रेंच तर चौघांची फुगडी घालतात: कात्रमध्ये (quatre, चार) सहा अक्षरं, सीसमध्ये (six, सहा) तीन, त्र्वामध्ये (trois, तीन) पाच, सँकमध्ये (cinq, पाच) चार, की पुन्हा कात्र. स्पॅनिशमध्ये सिंको, म्हणजे पाच, हा पाच अक्षरांचा स्थिर बिंदू आहे. शिवाय चार आणि सहा एकमेकांकडे बोट दाखवत बसलेत ते वेगळंच.

गेल्या महिन्यात एक निरोप फिरत आला: ‘6174 या संख्येचं गूढ शास्त्रज्ञांनाही उकललेलं नाही’, खाली ओमचं चित्र. मला राग आला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांसाठी. डहाणूला 1905 मध्ये जन्मलेला, देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवणारा हा माणूस आकड्यांशी खेळत आला आणि खेळातल्या सोंगट्यांना मराठी नावं ठेवत गेला. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी बनत नाही, ती स्वयंभू. उदाहरणार्थ, 21 स्वयंभू नाही, कारण 15 मध्ये 1 आणि 5 मिळवले की 21 होतात. 20 मात्र कोणापासूनच होत नाही. जगाच्या गणितात हर्षद हे नाव जसंच्या तसं रूढ आहे.

6174 हा त्यांचाच स्थिर बिंदू, 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी मांडलेला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच करत राहा. कापरेकरांचं जन्मवर्षच घेऊ. 9510 वजा 0159 म्हणजे 9351. पुढे 8172, 7443, 3996, 6264, 4176, आणि सातव्या पावलाला 6174. मग 7641 वजा 1467, पुन्हा 6174. सातपेक्षा जास्त पावलं कोणत्याच संख्येला लागत नाहीत. कापरेकर स्वतः सर्वांत लांबच्या रस्त्याने आले, एवढंच.

आता गूढ. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, आ, इ, ई धरा. वजाबाकी मांडून बघितली तर ती येते 999 गुणिले (अ − ई) अधिक 90 गुणिले (आ − इ). म्हणजे मूळ अंक कोणते होते याला काही किंमतच नाही. बाहेरच्या जोडीतला फरक आणि आतल्या जोडीतला फरक, एवढंच उरतं. बाहेरचा फरक 1 ते 9, आतला शून्यापासून बाहेरच्याइतका. अशा जोड्या 2 + 3 + … + 10, एकूण 54. नऊ हजार संख्यांची गर्दी पहिल्याच वजाबाकीत 54 घरांत येऊन बसते! या 54 घरांचे बाण वहीत काढायला रविवारची एक दुपार पुरते. 6174 च्या अंकांत बाहेरचा फरक 7 − 1 = 6, आतला 6 − 4 = 2. सूत्रात घाला: 5994 अधिक 180, 6174. जिथून निघालो तिथेच परत. गूढ संपलं, मजा मात्र शिल्लक राहिली.

दोन अंकी संख्यांना हे सुख नाही. तिथे 9, 81, 63, 27, 45 आणि परत 9 असं रिंगण आहे. हिंदीच्या एक-दोसारखंच.

असलीच एक फिरवाफिरवी पैसे घेऊनही विकली जाते. जन्मतारखेचे अंक मिळवा, पुन्हा मिळवा, एक अंक उरेपर्यंत मिळवा, तो तुमचा मूलांक. 29 तारीख, अकरा, दोन. हा अंक म्हणजे तारखेला नऊने भागल्यावरची बाकी आहे, बाकी शून्य आली तर नऊ. चौथीतला भागाकार. तो पाहून कोणी नावात एक जास्तीचा ‘ए’ घालायला सांगत असेल, तर त्या ‘ए’चा भाव आधी विचारून घ्यावा.

दोनचं हे कौतुक मी सांगितलं तेव्हा संस्कृत शिकवणारी मैत्रीण म्हणाली, अक्षरं कसली मोजतोस, वर्ण मोज. दोनमध्ये द्, ओ, न्, अ असे चार वर्ण. मी मोजायला बसलो. एकमध्ये तीन. तीनमध्ये चार. पाच, सहा, सात, सगळ्यांत चार. आठ आणि नऊमध्ये तीन. चारमध्ये च्, आ, र्, अ, चार! तिच्या हिशेबाने मराठीचा स्थिर बिंदू इंग्रजीसारखाच, चार. तिने विजयी मुद्रेने चहा ओतला.

तेवढ्यात उच्चारशास्त्रवाला मित्र म्हणाला, पण ‘दोन’मधला शेवटचा अ आपण उच्चारतो कुठे? तोंडाने म्हणून बघा. दोन्. एकाच दमात, एकच अवयव, म्हणजे उच्चाराचा एकच तुकडा. तीन्, चार्, पाच्, सगळे एकच. सहा, नऊ, दहा तेवढे दोन. आणि एक्? एकच.