सुई आत फिरते तेव्हा

खांदा आखडला, टाच ठणकू लागली, मॅरेथॉनच्या सरावात पोटरी धरली, की हल्ली फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ‘ड्राय नीडलिंग करून बघू’, म्हणजे औषध न भरलेली नुसती सुई दुखऱ्या स्नायूत टोचून बघू, असं अगदी सहज सुचवलं जातं. त्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, म्हणजे ॲक्युपंक्चरच ना? फिजिओथेरपिस्ट ठासून सांगतात की त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे आधुनिक शरीरशास्त्र आहे. ॲक्युपंक्चर करणारे तितक्याच ठामपणे सांगतात की आमचीच विद्या उचलून तिला नवं नाव दिलंय. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. सुई कोणत्या परंपरेतून आली हे त्वचेखालच्या पेशींना कळत नाही. त्यांच्यापर्यंत पोचते ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची, पोकळ नसलेली स्टीलची सुई. तिच्यामुळे तिथे जे घडतं ते या भांडणापेक्षा कितीतरी रंजक आहे.

आधी थोडा इतिहास. ॲक्युपंक्चर चीनमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षं चालत आलेलं आहे. भारतात ते आलं त्यामागे एक धागा आपल्या सोलापूरचाही आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात सुरू केली.

पश्चिमेत तिचा बोलबाला झाला तो १९७१ मध्ये. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी त्यावर लेख लिहिला. ‘फक्त सुया टोचून ऑपरेशन केलं’ अशी ही गोष्ट आजही सांगितली जाते, आणि ती चुकीची आहे. ऑपरेशनसाठी त्यांना नेहमीची बधिरतेची इंजेक्शनंच दिली होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटात कळ आणि फुगारा जाणवू लागला तेव्हा. हे त्यांनी स्वतः लेखात स्पष्ट लिहिलं होतं.

ड्राय नीडलिंगचा उगम वेगळा. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल (पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर झाल्या) दुखऱ्या स्नायूंमधल्या कडक गाठींत बधिर करणारं औषध टोचत असत. अशा गाठीला ‘ट्रिगर पॉइंट’ म्हणतात. ती दाबली की वेदना भलतीकडेच उमटते, म्हणजे गाठ मानेजवळ आणि ठणका कानशिलात. मग प्रश्न उभा राहिला की आराम पडतो तो औषधाने की सुईने? १९७९ मध्ये प्राग शहरातले डॉ. कारेल लेविट यांनी २४१ रुग्णांची माहिती मांडली. कोरडी सुई टोचलेल्या ३१२ जागांपैकी सुमारे ८७ टक्के जागी दुखणं लगेच कमी झालं होतं. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक तुलना छापून आली. तीत बधिर करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनपेक्षा नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांची अवस्था जराही वाईट नव्हती. लेविट यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे ते ८७ टक्के जसेच्या तसे घेऊ नयेत. पण औषध गौण असावं, हा संशय मात्र बळावला.

आता सुई आत जाऊ द्या. त्वचेखाली, स्नायूच्या वर, संयोजी ऊतीचा एक सैलसर थर असतो. त्यात कोलॅजेनचे तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. शाळेच्या पुस्तकात या थराची ओळख ‘अवयवांना जोडणारा’ एवढ्यावर आटोपते, आणि हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. ॲक्युपंक्चर करणारे सुई टोचून ती बोटांच्या चिमटीत फिरवतात. थोडं फिरवल्यावर आतून कुणीतरी सुई धरून ठेवल्यासारखं त्यांना जाणवतं, तर रुग्णाला एक जडसर, बोथट कळ जाणवते. चिनी परंपरेत तिला ‘दे ची’ म्हणतात. व्हरमाँट विद्यापीठातल्या हेलेन लँजव्हिन यांना ही पकड खरी की भास, हे मोजून पाहावंसं वाटलं. त्यांनी ६० निरोगी माणसांवर, यंत्राने सुई टोचून ती उपसायला किती जोर लागतो ते नोंदवलं. एकाच दिशेने फिरवलेली सुई काढायला, न फिरवलेल्या सुईपेक्षा १६७ टक्के जास्त जोर लागला. पुढेमागे फिरवली तर ५२ टक्के जास्त.

कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. चातीवर सूत चढावं तसे कोलॅजेनचे तंतू सुईभोवती गुंडाळले जातात. एकदा पहिला वेढा बसला की पुढचे तंतू ओढले जातात, आणि ताण सुईपासून दूर पसरतो. त्या ताणाने फायब्रोब्लास्ट पेशी आपला आकार बदलतात. आतला सांगाडा नव्याने मांडून त्या पसरट होतात. उंदरांच्या ऊतींत हा बदल सुईपासून काही सेंटिमीटर अंतरापर्यंत दिसला. पाव मिलिमीटरच्या सुईचा परिणाम इतक्या दूर पोचतो! आणि तोही शरीराच्या ज्या थराकडे आपण वर्षानुवर्षं नुसतं भराव म्हणून पाहिलं, त्याच्यामार्फत.

साठ माणसांवरच्या त्या प्रयोगात एक प्रश्न आणखी होता. ॲक्युपंक्चरच्या ठरलेल्या बिंदूंवर पकड जास्त असते का? असते, पण फक्त १८ टक्क्यांनी. म्हणजे जागेपेक्षा सुई फिरवण्याचा वाटा फार मोठा. ‘मेरिडियन’ म्हणजे अंगभर वाहणाऱ्या ऊर्जेच्या वाहिन्या प्रत्यक्षात आहेत असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शवविच्छेदनात अशा वाहिन्या कुणालाही सापडलेल्या नाहीत.

पेशी ताणल्या गेल्या, काही फाटल्या, मग पुढे काय? ज्याला आपण पेशीचं ऊर्जाचलन म्हणून शिकलो तो एटीपी नावाचा रेणू बाहेर सांडतो. पेशीबाहेर असलेली विकरं त्याचे फॉस्फेट एकेक करून छाटतात. तीनही छाटले गेले की उरतो ॲडेनोसिन. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर ए-१ नावाचे ग्राहक असतात. ॲडेनोसिन त्यांच्यावर बसला की पेशीतल्या सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण घटतं आणि तंतू वेदनेचा संदेश धाडायला नाखूश होतो. रॉचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने हे २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं. गुडघ्याखालच्या ‘झू सान ली’ या बिंदूवर अर्धा तास सुई ठेवून ती मधून मधून फिरवली, तेव्हा तिथलं ॲडेनोसिन सुमारे २४ पटींनी वाढलं. ज्या उंदरांत ए-१ ग्राहक जन्मतःच नव्हते त्यांना सुईचा फायदा झाला नाही. ॲडेनोसिनचा नाश करणाऱ्या विकराला रोखणारं औषध दिलं, तेव्हा आराम जवळपास तिप्पट वेळ टिकला. ॲक्युपंक्चर न करता त्याच जागी ए-१ ला चेतवणारं रसायन दिलं तरीही दुखणं कमी झालं. एखादी यंत्रणा खरी आहे हे सिद्ध करायचं तर असंच करावं लागतं. ती बंद करून बघायची, वाढवून बघायची, आणि मूळ कारण बाजूला ठेवून नुसती तीच चालवून बघायची. (चहा-कॉफीतलं कॅफीन याच ग्राहकांची जागा अडवतं. पण उंदरांच्या प्रयोगावरून कुणी आपला सकाळचा चहा बंद करू नये.)

हे झालं सुईच्या आसपासचं. दूरवर, मज्जारज्जू आणि मेंदूत, आणखी एक साखळी हलते. १९७६ मध्ये टोरोंटोतल्या ब्रूस पोमेरान्झ यांनी दाखवलं की अफूजन्य औषधांचा परिणाम उतरवणारं नॅलॉक्सोन दिलं की उंदरांमधला सुईचा वेदनाशामक परिणाम नाहीसा होतो. म्हणजे शरीराची स्वतःची अफू, एंडॉर्फिनं, यात गुंतलेली आहेत. बीजिंगमधल्या हान जीशेंग यांनी सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडून पाहिलं, तर २ हर्ट्झला एन्केफॅलिन आणि १०० हर्ट्झला डायनॉर्फिन अशी वेगवेगळी रसायनं पाझरली. २०२१ मध्ये चिउफू मा यांच्या गटाने उंदरांच्या मागच्या पायातल्या स्नायूंभोवतीच्या खोल आवरणात पोचणारे ठरावीक चेतातंतू शोधले. ते सौम्य प्रवाहाने चेतवले की मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतातंतूमार्फत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीपर्यंत संदेश जातो आणि शरीरभरचा दाह कमी होतो. पोटावरच्या बिंदूवर तेवढाच प्रवाह दिला तर तसं होत नाही, कारण तिथल्या त्या आवरणात हे तंतू विरळ असतात. इथे जागेला महत्त्व आहे, पण त्याचं कारण साध्या शरीररचनेत सापडतं.

इतकी सुरेख यंत्रणा हाती असताना माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल पाहिले की उत्साहाला आवर घालावा लागतो. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना उतार पडला. चुकीच्या जागी, वरवर सुया टोचलेल्या गटातही ४४.२ टक्के लोकांना पडला. औषधं, व्यायाम असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत मात्र २७.४ टक्केच. वीस हजारांवर रुग्णांचे आकडे एकत्र करणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणातही हीच रचना दिसते. सुया न टोचण्यापेक्षा बराच फायदा, खोट्या सुईपेक्षा थोडासाच. वरवर टोचलेली सुईही त्वचेला काही ना काही करतेच, हा आक्षेप रास्त आहे. तरी उरलेल्या आरामातला मोठा भाग अपेक्षेचा, निवांत पडून राहण्याचा, कुणीतरी लक्षपूर्वक हात लावण्याचा आहे, हे मान्य करायला हवं. कोणते उपचार द्यावेत याची शिफारस करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं आणि २०२१ मध्ये काही प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी विचार करायला हरकत नाही असं म्हटलं. पुरावा असा सीमेवर असला की असंच होतं.

ट्रिगर पॉइंटचं प्रकरणही वाटतं तेवढं पक्कं नाही. स्नायूला संदेश देणाऱ्या चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे स्नायूला आकसायला लावणारं रसायन जास्त पाझरून तंतू आकसून राहतात, रक्तपुरवठा दबतो, आम्लता वाढते, असं मानलं जातं. अमेरिकेतले डॉक्टर जय शहा आणि सहकाऱ्यांनी अशा गाठींतला द्रव काढून तपासला तेव्हा दाहकारक रसायनं खरोखर जास्त निघाली. सुई टोचून स्नायूने झटका दिल्यावर त्यांतली काही कमीही झाली. पण एकाच रुग्णाला दोन तपासनीसांनी चाचपलं तर गाठ नेमकी कुठे आहे यावर त्यांचं वारंवार एकमत होत नाही.

म्हणून जाहिरातींचा राग येतो. सुयांनी मधुमेह जातो, ‘टॉक्सिन’ निघतात, पक्षाघाताने लुळा पडलेला हात पूर्ववत होतो! वर ज्या यंत्रणा सांगितल्या त्यांपैकी एकीतूनही हे निघत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला मान्यता दिली, महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे उपचार कोणी करावा हे ठरतं, उपचार कशावर लागू पडतो हे नाही.

पुनर्वसनात सुईचा खरा उपयोग वेळ मिळवण्यासाठी आहे. ड्राय नीडलिंगचा फायदा मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. त्या काळात दुखणं कमी असतं, तेव्हा जो खांदा हलवता येत नव्हता तो हलवता येतो, वजन पेलण्याचे व्यायाम सुरू करता येतात. ते न करता दर आठवड्याला नुसत्या सुया टोचून घेत राहिलात, तर गाठ पुन्हा तिथेच भेटेल. उपचार करणाऱ्याने व्यायामाचा आराखडा दिला नाही, तर तो मागून घ्या.

सुई एकदाच वापरायची, निर्जंतुक, आणि तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली असावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर आधी सांगा. जर्मनीतल्या ९७,७३३ रुग्णांच्या पाहणीत गंभीर म्हणता येतील अशा घटना फक्त सहा आढळल्या, पण त्यांतल्या दोन फुप्फुसाला भोक पडण्याच्या होत्या. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर येतं, आणि मान-खांद्याच्या मधला जो स्नायू ड्राय नीडलिंगसाठी सर्वांत जास्त निवडला जातो तो नेमका त्याच्यावरच आहे. त्या भागात किंवा छाती-पाठीवर सुया टोचून घेतल्यावर काही तासांत, अगदी दुसऱ्या दिवशीही, श्वास घेताना छातीत टोचलं किंवा धाप लागली, तर ‘सुयांचं दुखणं असेल’ म्हणून घरी थांबू नका. थेट रुग्णालयात जा, सुया टोचल्याचं सांगा आणि छातीचा एक्स-रे काढून घ्या.