भुयारातला उजेड

गुहेत फोटो काढताना पाळायचे नियम कोरडे वाटतात, पण त्यातल्या अनेकांच्या मागे त्या त्या काळातला एखादा दिवा आहे. आत सूर्यप्रकाश नाही. लागेल तो उजेड आपणच न्यायचा, आणि त्याच्याबरोबर आत काय शिरतं हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

पॅरिसचा फोटोग्राफर नादार याने १८६०च्या दशकात तिथल्या अस्थिभुयारांत आणि गटारांत विजेच्या आर्क दिव्यावर फोटो काढले. एकेका फोटोला अठरा मिनिटांपर्यंत एक्स्पोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू देण्याचा वेळ, लागे. तेवढा वेळ माणूस स्तब्ध राहणं अशक्य, म्हणून कामगारांच्या जागी त्याने पुतळे उभे केले. दिव्याला वीज पुरवणाऱ्या घटांत नायट्रिक आम्ल असे आणि त्यातून विषारी वाफा सुटत. फोटो उमटण्यासाठी काचेवर लावायचं कोलोडियन हे चिकट द्रावण पेट घेणाऱ्या ईथरमध्ये विरघळवलेलं, म्हणजे ठिणगीची वाट पाहणारं.

मग मॅग्नेशिअम हा झगझगीत जळणारा धातू आला. १८६४ मध्ये आल्फ्रेड ब्रदर्सने इंग्लंडमधल्या ब्लू जॉन गुहेत आणि १८६६ मध्ये चार्ल्स वाल्डॅकने अमेरिकेतल्या मॅमथ केव्हमध्ये त्याच्या उजेडावर फोटो काढले. मॅग्नेशिअम जळलं की पांढरा धूर होतो, आणि जिथे वारा खेळत नाही तिथे तो तसाच तरंगत राहतो. त्यामुळे पहिल्या फोटोनंतर पुढचा घ्यायला थांबावं लागे. १८८७ मध्ये जर्मनीत फ्लॅश पावडर निघाली. तिच्यात मॅग्नेशिअमबरोबर पोटॅशिअम क्लोरेट असे. उजेड क्षणात पडे, पण ती खरं तर स्फोटकच होती. कोळशाच्या खाणीत, जिथे मिथेन हा पेट घेणारा वायू साचतो, अशी उघडी ज्योत म्हणजे सरळ मृत्यूला आमंत्रण.

१९२९च्या सुमारास बाजारात आलेल्या फ्लॅश बल्बने ज्योत काचेत बंद केली. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. १९५२ मध्ये फोटोग्राफर टेक्स हेल्मने अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड गुहेचं प्रचंड दालन सुमारे २,४०० बल्ब एकाच वेळी उडवून टिपलं. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅश आणि एलईडी आल्यावर धूर आणि आग, दोन्ही चिंता जवळपास मिटल्या.

पण धोका संपला नाही, त्याची जागा बदलली. डोळा कॅमेऱ्याला लागला की पायाखालचं भान सुटतं. फ्लॅश धरून ओल्या कपड्यांत तासभर उभा राहिलेला सोबती गारठतो, आणि फोटो काढणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. म्हणून एकट्याने न जाणं, प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे ठेवणं, परतीची वेळ बाहेर कुणाला तरी सांगून ठेवणं या गुहा धुंडाळणाऱ्यांच्या जुन्या सवयी फोटोग्राफरलाही लागू झाल्या.

शेवटची जाणीव उशिरा आली: जपायचं आहे ते गुहेलाही. आदिमानवाच्या भित्तिचित्रांची फ्रान्समधली लास्को गुहा १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली. पाहणाऱ्यांच्या श्वासाने आणि आतल्या दिव्यांनी चित्रांवर शेवाळ धरू लागलं होतं. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाउज केव्हमध्ये एका गुहा-भटक्याने नाकावर पांढरी बुरशी असलेल्या वटवाघळांचा फोटो काढला. ज्या रोगाने पुढे उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मारली, त्याचा तो पहिला पुरावा ठरला. या बुरशीचे बीजाणू माणसाच्या कपड्यांवरून आणि सामानावरूनही पसरू शकतात. त्यामुळे आता एका गुहेतून दुसरीत जाण्याआधी बूट, दोर आणि ट्रायपॉडचे पाय निर्जंतुक करायला सांगतात.