पुण्यात परदेशी मुलांचे फुटबॉल संघ बोलवायचेत? आधी पत्र, मग पत्रक

मैदान मिळालं की स्पर्धा झाली, अशी आमची समजूत होती. आपल्या पोरांना बाहेरच्या देशातल्या संघांशी खेळवायचं, डिसेंबरच्या थंडीत बोलवायचं, शेवटच्या दिवशी पुरणपोळी वाढायची, संपलं. प्रत्यक्षात मैदानाचं बुकिंग हा सगळ्यात सोपा कागद निघाला. पहिल्या वेळी आम्ही पत्रकं आधी छापली आणि परवानगीचं पत्र नंतर मागितलं. स्पर्धेचं नाव बदला असं वरून कळवलं गेलं आणि छापलेला गठ्ठा थेट रद्दीवाल्याकडे गेला. त्यामुळे इथली माहिती महत्त्वाच्या क्रमाने नाही, तर कागद ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने लिहिली आहे. या कामात प्रत्येक टेबलावर आधीच्या टेबलाचं पत्र मागतात.

अर्ज कोणाला करता येतो

हौशी माणसाला एकट्याने नाही. संस्था नोंदलेली हवी. आपल्याकडे बहुतेक क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, असे दोन्हीकडे नोंदलेले असतात. ती दोन्ही प्रमाणपत्रं, पॅन, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब आणि स्पर्धा घेण्याचा कार्यकारिणीचा ठराव, एवढं फायलीच्या तळाशी असू द्या.

खरी गोम परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या विश्वस्तांच्या नावांच्या उताऱ्यात असते. अध्यक्ष बदलून चार वर्षं झालेली असतात आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुनेच अध्यक्ष असतात. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, द्यायचा असतो. तो दिलेला नसेल किंवा देऊनही मंजूर झाला नसेल, तर तुमच्या सहीला अर्थ काय, असा प्रश्न बँकेपासून मैदानाच्या कार्यालयापर्यंत कुठेही येऊ शकतो. स्पर्धेचा विचार डोक्यात आला त्याच आठवड्यात परिशिष्टाचा ताजा उतारा काढून बघा.

दुसरी अट संलग्नतेची. पुण्यातला क्लब पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेशी, ती राज्याच्या पातळीवर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी म्हणजे विफाशी आणि विफा दिल्लीच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी जोडलेली, अशी ही साखळी आहे. अकादमी चालवता पण संलग्न नाही, असं असेल तर जिल्हा संघटनेला सहआयोजक करून घेणं हा सरळ मार्ग. त्यांना मान द्यायचा म्हणून नव्हे, पंचही त्यांच्याकडूनच येतात.

महासंघाचं पत्र

अर्ज जिल्ह्याकडून विफाकडे आणि तिथून महासंघाकडे जातो. अर्जात तारखा, वयोगट, संघांची नावं आणि देश, सामन्यांची पद्धत, मैदान, पंचांची सोय, डॉक्टर आणि रुग्णवाहिका, विमा, राहण्याची जागा, खर्च कोण करणार आणि जबाबदार माणूस कोण, एवढं स्पष्ट हवं. सोबत प्रत्येक परदेशी संघाला त्याच्या देशाच्या फुटबॉल संघटनेने बाहेर खेळायला दिलेली परवानगी जोडायची. हा कागद संघाकडून पहिल्याच ईमेलमध्ये मागा. जो क्लब तो आणू शकत नाही, तो बहुधा त्याच्या देशात संलग्नच नसतो. अशा संघाशी खेळलात तर अडचण त्याला नाही, तुम्हाला येते.

संघटनेवर बंदी आली की काय होतं ते आपण घरीच पाहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने आपल्याच महासंघाला निलंबित केलं होतं. ऑक्टोबरात भारतात व्हायचा १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक त्या काही दिवसांत अधांतरी लटकला. महिना संपायच्या आत निलंबन उठलं आणि स्पर्धा झाली, पण तेवढ्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. निलंबित संघटनेच्या संघांशी बाकीच्यांना खेळता येत नाही, मग तो संघ बारा वर्षांच्या पोरांचा का असेना.

पहिल्या वर्षी क्लब किंवा शाळांचे संघ बोलवा. देशाचा युवा संघ बोलवला की मामला खंडाच्या संघटनेपर्यंत जातो आणि आपली फाईल जाड होते. कोणत्या देशाचा संघ येतोय त्यावर क्रीडा मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि गृह खातं यांच्या मंजुऱ्याही अवलंबून असतात. त्या महासंघामार्फत मागायच्या, आपण परस्पर दिल्लीला पत्रं धाडायची नाहीत. एकूण किती वेळ धरायचा? मी सहा महिने सांगतो. तीन महिन्यांत करून दाखवणारे भेटतील, त्यांच्या ओळखी आपल्याकडे नसतात.

व्हिसा: सगळ्यात जास्त घाम इथेच

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात यायला व्हिसा लागत नाही. पहिल्या वर्षासाठी याहून मोठी सोय नाही. बाकीच्यांसाठी व्हिसा संघाने आपल्या देशातल्या भारतीय दूतावासातून काढायचा, पण तो मिळणार की नाही हे तुमच्या आमंत्रणपत्रावर ठरतं. लवकर मिळतो म्हणून पर्यटन व्हिसावर या, असं कोणालाही सांगू नका. अर्जात येण्याचा उद्देश स्पर्धा हाच लिहिला गेला पाहिजे.

पत्रात प्रत्येकाचं पासपोर्टवर आहे तसंच नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, येण्याजाण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची जबाबदारी हवी. पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला. अठराच्या आतल्या मुलांसाठी आईवडिलांचं संमतीपत्र आणि जन्मदाखला.

‘पासपोर्टवर आहे तसंच’ हे शब्द मी उगाच वापरले नाहीत. एका संघाच्या कोचने यादी पाठवली, आम्ही ती जशीच्या तशी लेटरहेडवर उतरवली. त्यांचा गोलकीपर सगळ्यांना ज्या नावाने माहीत होता ते हाकेचं नाव निघालं, पासपोर्टवर आडनाव आधी आणि नाव भलतंच. पोराचा अर्ज परत आला. आम्ही म्हटलं, नाव दुरुस्त करून पत्र पुन्हा पाठवू. तर पत्रावर जावक क्रमांक नव्हता. आमच्या सेक्रेटरींचं म्हणणं, ‘‘अहो, क्लबला कुठला आलाय जावक क्रमांक?’’ त्या रात्री शंभर पानी वही आणली, वर ‘आवक-जावक’ असं लिहिलं आणि क्रमांक एकपासून सुरुवात केली. नवं पत्र, त्यावर नवी सही, महासंघाच्या पत्राला जोडलेली यादी बदलणं, यात अकरा दिवस गेले. पोरगा पहिला सामना हुकला, दुसऱ्याला पोचला.

तेव्हापासून आमचा नियम असा: यादी टाईप केलेली घ्यायचीच नाही, पासपोर्टच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत घ्यायची आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं.

पीतज्वराच्या देशांतून, म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांतून येणाऱ्यांना लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरण, सहा दिवसांपर्यंत. तेवढ्यात तुमची फायनल उरकलेली असेल.

आता राहण्याचं. हॉटेलवाले परदेशी पाहुण्यांची माहिती (पूर्वीचा सी फॉर्म) सरकारला चोवीस तासांत ऑनलाईन कळवतात, त्यांना सवय असते. पण ‘पाहुणी पोरं आपल्याच खेळाडूंच्या घरी ठेवू, ओळख वाढेल’ ही कल्पना फार लोकांना सुचते. छान आहे, पण मग ती माहिती त्याच मुदतीत कळवायची जबाबदारी त्या प्रत्येक घरावर येते. कोथरूडच्या दोन खोल्यांतल्या काकूंना ऑनलाईन फॉर्म भरायला बसवण्यापेक्षा संघ एका जागी ठेवा आणि पोरांना जेवायला घरी न्या.

मुलं आहेत, हे विसरू नका

प्रत्येक संघासोबत पालकांनी लेखी नेमलेला एक प्रौढ असावा, मुलींचा संघ असेल तर महिला व्यवस्थापक. आपल्या स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करून घ्या. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही ती न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव आणि फोन नंबर मैदानावर ठळक लावा. फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे असतील तर संमतीपत्रात तसं वाक्य घाला.

वयाचा वाद होणार हे धरून चाला. फिफाने १७ वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. आपल्याला तो परवडणार नाही. आपण पासपोर्टची जन्मतारीख अंतिम मानू, असं नियमावलीत आधीच लिहा आणि प्रत्येक संघाच्या मॅनेजरची त्यावर सही घ्या. सामना हरल्यावर ‘तो मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही’ म्हणत येणाऱ्यांना ती सही दाखवता येते.

मैदान आणि पोलीस

म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल राज्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा तिथे झाल्या आणि २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे सामनेही. मात्र २०१७ चा १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात आला तेव्हा सहा यजमान शहरांत पुणे नव्हतं, महाराष्ट्रातले सामने नवी मुंबईला झाले. मुख्य स्टेडियम मिळालं तर उत्तमच, पण वीस संघांच्या स्पर्धेला साखळी सामन्यांसाठी दुसरं मैदान लागतंच. महापालिकेचं असो की शिक्षण संस्थेचं, तारखा, भाडं, अनामत, वीज आणि पाणी करारात लिहून घ्या. शंभराचा स्टॅम्प पेपर घेऊन जाऊ नका, ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना किमान ५०० चा लागतो.

करार करण्याआधी टेप घेऊन मैदान मोजा. आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान १०० ते ११० मीटर लांब आणि ६४ ते ७५ मीटर रुंद असतं. मुलांसाठी लहान चालतं, पण किती लहान ते नियमावलीत आधी लिहा. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेत का, हे स्वतः लोंबकळून बघा. मी बघतो, लोक हसतात.

पोलीस परवानगीआधी मैदान कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं, आणि नदीच्या त्या अंगाला पत्ता ‘पुणे’ असला तरी हद्द पुण्याची असेलच असं नाही. अर्जाला महासंघाचं पत्र, मैदानमालकाचा ना हरकत दाखला, नकाशा, प्रेक्षकांचा अंदाज, पार्किंग, मांडवाच्या मजबुतीचा दाखला, अग्निशमन दलाचा दाखला आणि स्पीकरचा वेगळा अर्ज. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, त्यामुळे दिव्यांखालची मॅच साडेआठच्या पुढे सुरू करू नका.

‘‘सर, मॅच आहे ना, मग माईक कशाला?’’ ठाण्यातल्या हवालदारसाहेबांनी आम्हाला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. आम्ही चार कर्णे लावणार होतो, दोनवर आलो.

गणपती आणि पालखीच्या आसपास तारीख मागू नका, बंदोबस्ताला माणूस मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चला दहावी-बारावी. पावसाळा सोडला की उरतो नोव्हेंबर ते जानेवारी, आणि तेव्हा सगळ्यांनाच मैदान हवं असतं. ड्रोनने चित्रीकरण करायचं असेल तर लोहगावला हवाईदलाचा तळ आहे हे लक्षात ठेवून तिथे ड्रोन उडवता येतो का, हे आधी नकाशावरच्या झोनमध्ये तपासा. नाहीतर ड्रोन घरी ठेवा.

पैसा

परदेशी संघाकडून स्पर्धेची फी घेणं वेगळं आणि परदेशातून देणगी घेणं वेगळं. देणगीला परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते आणि ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर ‘आमच्या गावच्या उद्योजकाची छोटी भेट’ नम्रपणे परत करा. फीसुद्धा पावती, सेवेचं वर्णन आणि सीएचा सल्ला घेऊनच.

रोख बक्षिसं देऊ नका. परदेशी खेळाडू किंवा क्रीडा संस्थेला इथे पैसे दिले की २० टक्के दराने कर कापून भरावा लागतो, वर उपकर. चषक द्या. तिकीटही लावू नका, प्रवेश फुकट ठेवलात तर दोन कार्यालयांचे हेलपाटे वाचतात.

उद्घाटनाची सकाळ

झेंड्यांची रांग हमखास चुकते. ध्वजसंहितेप्रमाणे तिरंगा रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, म्हणजे रांगेच्या मधोमध प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर आपल्या उजव्या हाताला. त्यानंतर बाकीचे देश इंग्रजी नावांच्या अकारविल्हे क्रमाने. तिरंगा सगळ्यांत आधी चढवायचा, सगळ्यांत शेवटी उतरवायचा. आमच्याकडे मांडववाल्याने प्रेक्षकांच्या उजव्या हाताला लावला होता. पाहुण्यांची गाडी गेटवर आणि आम्ही शिडी घेऊन धावतोय, असा प्रकार झाला.

स्पर्धा संपल्यावर महासंघाला निकाल, कार्डं आणि दुखापतींचा अहवाल जातो. मैदानाची अनामत परत मिळवायला मात्र मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही. आमची पावती सहा महिन्यांनी सापडली, किट बॅगेत, शिनगार्डच्या खाली.